अपवर्कवर लिहून कमाई: पहिलं काम जेमतेम, दुसरं फायद्याचं

ऑनलाइन लेखन सुरू करणाऱ्याला बहुतेक जण दोनच नावं सुचवतात, अपवर्क आणि फायव्हर: क्लायंट आणि सुटी कामं करणारे यांची गाठ घालून देणाऱ्या साइट्स. हा रिव्ह्यू मुख्यतः अपवर्कचा आहे, फायव्हर तुलनेपुरतं. ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या साइट्स एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये त्यांना अपवर्क हे नाव मिळालं. तिथे लेखनाची कामं भरपूर आहेत, हे खरं. त्यातली बरीचशी इंग्रजीतली आहेत, हेही खरं. प्रश्न एवढाच की नव्या लेखकाच्या हातात तासाला किती पडतं, आणि तो आकडा कशाने वाढतो.

मत आधीच सांगून टाकतो. एकेक सुटं काम शोधत राहणाऱ्याला अपवर्क महाग पडतं. एकाच क्लायंटकडून पुन्हा पुन्हा काम घेणाऱ्याला ते स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर पहिल्यासाठी दोन, दुसऱ्यासाठी चार.

पैसे कुठे गळतात

खातं उघडायला काही लागत नाही. मिळकतीवर कमिशन कापलं जातं. ते २०२३ मध्ये सरसकट १० टक्के झालं, आणि मे २०२५ पासून नव्या कंत्राटांना ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान कामागणिक बदलतं. नेमकं किती कापणार ते प्रपोजल, म्हणजे कामासाठीचा अर्ज, भरतानाच दिसतं आणि त्या कंत्राटापुरतं बदलत नाही. या शेवटच्या गोष्टीचा उपयोग पुढे येईल.

दुसरी गळती कनेक्ट्सची, म्हणजे अर्ज करण्यासाठी लागणाऱ्या साइटच्या टोकनांची. प्रत्येक प्रपोजलसाठी कनेक्ट्स मोजावे लागतात आणि विकत घेतले तर एक कनेक्ट १५ सेंटला पडतो. कोणत्या कामाला किती लागतील ते कामावर अवलंबून. प्रपोजल यादीत वर दिसावं म्हणून आणखी कनेक्ट्सची बोलीही लावता येते. क्लायंटने दुसऱ्या कुणाला घेतलं की तुमचे कनेक्ट्स गेले. नवे लेखक कमिशनच्या नावाने बोटं मोडतात आणि कनेक्ट्सचा हिशेब ठेवतच नाहीत. खरी तूट तिथेच असते.

उदाहरण घेऊ. समजा १,००० शब्दांचा एक लेख ६० डॉलरला ठरला आणि कमिशन १० टक्के आहे. हातात ५४. हे काम मिळेपर्यंत दहा प्रपोजल पाठवावी लागली आणि प्रत्येकी १२ कनेक्ट्स लागले, तर १२० कनेक्ट्सचे १८ डॉलर झाले. उरले ३६. आता वेळ बघा. माहिती जमवायला दोन तास, रूपरेषेला अर्धा, लिहायला दोन, संपादनाला एक, दुरुस्त्यांना अर्धा आणि निरोपानिरोपीत अर्धा, असे साडेसहा तास. शिवाय दहा प्रपोजलना वीस-वीस मिनिटं म्हणजे तीन तास वीस मिनिटं. एकूण नऊ तास पन्नास मिनिटं. तासाला साधारण ३ डॉलर ६६ सेंट पडले. अपवर्कवर ताशी दर ३ डॉलरच्या खाली लावताच येत नाही. म्हणजे ६० डॉलरचा लेख लिहूनही आपण त्या तळाच्या जेमतेम वर असतो.

त्याच क्लायंटने दुसरा लेख दिला की आकडे पालटतात. प्रपोजल नाही, कनेक्ट्स नाहीत. विषय ओळखीचा झालेला असतो, त्यांची शैली, वाचक, नावडते शब्द माहीत असतात. काम पावणेपाच तासांत उरकतं. ५४ भागिले ४.७५, म्हणजे तासाला सव्वाअकरा डॉलरच्या थोडं वर. दर तोच, मिळकत तिप्पट. पहिल्याच कामाचा दर दीडपट करून ९० डॉलर मागितले आणि मिळालेही, तरी सगळं वजा जाता ताशी ६ डॉलर ४० सेंटच्या आसपासच पोचतो. म्हणून सुरुवातीला दरावरून डोकेफोड करण्यापेक्षा, ज्याच्याकडे दुसरं काम असेल असा क्लायंट निवडणं जास्त पैसे देतं.

असा क्लायंट ओळखायचा कसा

जॉब पोस्ट उघडली की बाजूला क्लायंटची कुंडलीच असते: पैसे भरण्याची पद्धत पडताळलेली आहे का, आजवर किती खर्च केला, किती टक्के पोस्टमधून खरोखर कुणाला काम दिलं, आधीच्या लोकांनी काय लिहिलं. बहुतेक जण तारे बघून पुढे जातात. खाली जाऊन जुनी कंत्राटं बघावीत. एकाच लेखकाच्या नावावर मोठी रक्कम किंवा बरेच महिने दिसले तर हा माणूस लेखक धरून ठेवतो. दहा वेगवेगळ्या लेखकांच्या नावावर एकेक छोटी रक्कम दिसली तर तो दर वेळी नवा स्वस्त माणूस शोधतो आहे, आणि तुम्ही अकरावे असाल. काम देण्याचं प्रमाण फार कमी असेल तर कनेक्ट्स वाचवलेले बरे. पोस्टखाली किती प्रपोजल आली, क्लायंटने शेवटचं कधी पाहिलं आणि किती जणांशी बोलणं चालू आहे हेही दिसतं. ५० च्या वर प्रपोजल आणि चार जणांशी बोलणं चालू, अशा पोस्टवर बोली लावून वर जाण्यात अर्थ नाही. तिथे निर्णय जवळपास झालेला असतो.

कामाच्या प्रकारावरूनही कळतं. 'आमच्या वेबसाइटसाठी आमच्याविषयी एक पान हवं' हे एकदाच होणारं काम. सॉफ्टवेअरची मदतपानं, उत्पादनांच्या तुलना, दर आठवड्याचं ईमेल वार्तापत्र, जुने लेख अद्ययावत करणं ही पुन्हा येणारी कामं. यातलं शेवटचं नव्यांना सर्वांत सोपं आणि सर्वांत दुर्लक्षित. जुन्या लेखातले मेलेले दुवे, बदललेले आकडे, आता नसलेले पर्याय शोधून दुरुस्त करायचे. कोऱ्या पानाची भीती नाही, आणि ज्या साइटवर असे दोनशे लेख आहेत तिच्याकडे काम लवकर संपत नाही.

प्रपोजलच्या पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या, कारण यादीत क्लायंटला सुरुवातीचा तेवढाच तुकडा दिसतो. 'मी मेहनती, वेळ पाळणारा लेखक आहे' यात त्या दोन ओळी फुकट जातात. त्याऐवजी त्याच्या पोस्टमधल्या कामाचा एक ठोस मुद्दा पकडावा: 'तुमच्या बॅकअपवरच्या लेखात फक्त एकाच प्रकारच्या ड्राइव्हचा विचार आहे, वाचक क्लाउडशी तुलना शोधत येतो, ती तीन परिच्छेदांत घालता येईल.' मग जवळचा एक नमुना, दोन फार तर. मग दर, मुदत आणि एक प्रश्न, आणि तो प्रश्न पुढच्या कामाकडे नेणारा असावा: महिन्याला साधारण किती लेख लागतात? उत्तर आलं तर तुम्हाला गिऱ्हाइकाची पत कळते. नाही आलं तर तेही एक उत्तरच. एवढ्याला दीडशे शब्द पुरतात. पाच हजार अक्षरांची मर्यादा आहे म्हणून ती भरायची नसते.

नमुने नाहीत ही नव्यांची नेहमीची रड. विकलेलेच लेख नमुने म्हणून चालतात असा गैरसमज आहे. ज्या प्रकारचं काम हवं त्याच प्रकारचे तीन तुकडे स्वतः लिहून पीडीएफ करून प्रोफाइलवर ठेवावेत: एक तुलना, एक 'हे कसं करावं' छापाचं मदतपान, एक अद्ययावत केलेला लेख, आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी. कविता आणि ललित वेगळ्या ठिकाणी. दुसऱ्याच्या नावाने लिहून दिलेला मजकूर मात्र परवानगीशिवाय नमुना म्हणून दाखवू नये. ती परवानगी कंत्राट चालू असतानाच मागावी, नंतर क्लायंट निरोपाला उत्तर देत नाही.

ठरलेली रक्कम की तासावर

कंत्राटाचे दोन प्रकार आहेत आणि इथे अपवर्कची बाजू खरोखर भक्कम आहे, नियम नीट पाळले तर.

ठरलेल्या रकमेच्या कामात क्लायंट आधी पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत साइटच्या ताब्यात राहणाऱ्या खात्यात, भरतो, माइलस्टोन म्हणून (कामाचा एक टप्पा आणि त्याची रक्कम). माइलस्टोनपुढे 'फंडेड' दिसल्याशिवाय एक ओळ लिहू नये. कंत्राट सुरू झालंय पण माइलस्टोनमध्ये पैसे नाहीत, अशी स्थिती असू शकते. काम पुरं झालं की 'सबमिट वर्क फॉर पेमेंट' या बटणातूनच द्यायचं. नव्यांची सर्वांत महागडी चूक इथे होते: लेख चॅटमध्ये पाठवतात आणि वाट बघत बसतात. बटणातून दिल्यावर क्लायंटला १४ दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने मंजूरही केलं नाही आणि बदलही मागितले नाहीत तर पैसे आपोआप सुटतात, आणि पाच दिवसांच्या सुरक्षा मुदतीनंतर काढता येतात. चॅटमधून पाठवलेल्या लेखाला ही १४ दिवसांची मोजणी लागूच होत नाही. बदल मागितले तर घड्याळ थांबतं, म्हणून सुधारलेली प्रतही पुन्हा बटणातूनच द्यायची.

पहिल्यांदाच काम करत असाल त्या क्लायंटसाठी ८-१० लेखांचं एकच मोठं माइलस्टोन घेऊ नये. एक लेख, एक माइलस्टोन. काही बिनसलं तर एकाच लेखाचा वाद राहतो.

कामाची व्याप्ती लिहून ठेवणं कंटाळवाणं आहे आणि तिथेच तास जातात. शब्दसंख्या वर-खाली किती चालेल, किती स्रोत हवेत, चित्रं कोण शोधणार, मेटा वर्णन (शोधयादीत शीर्षकाखाली दिसणाऱ्या एक-दोन ओळी) धरलंय का, मजकूर वेबसाइटवर चढवायचा का, आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती. दोन फेऱ्या पुरेत. 'दुरुस्ती' म्हणजे ठरलेल्या रूपरेषेतला बदल, रूपरेषाच बदलली तर नवं काम, हे एक वाक्य निरोपात असलं की पुढे तोंड वाजवावं लागत नाही. म्हणून रूपरेषा आधी मंजूर करून घ्यावी, तीही अपवर्कच्या चॅटमध्येच. वाद झाला तर तिथलं लेखी बोलणंच कामाला येतं.

तासाच्या कंत्राटात डेस्कटॉप अ‍ॅप चालू ठेवावं लागतं. ते दर दहा मिनिटांच्या तुकड्यात केव्हातरी एक स्क्रीनशॉट घेतं आणि कळफलक-माउसची हालचाल मोजतं. आठवडा सोमवार ते रविवार, जागतिक प्रमाणवेळेनुसार. पैसे आठवडा संपल्यावर दहा दिवसांनी हाती येतात. पैशांची हमी फक्त अ‍ॅपने मोजलेल्या तासांना आहे. हाताने नोंदवलेल्या तासांना नाही. लेखकाची अडचण उघड आहे: लेखन म्हणजे अर्धा वेळ वाचणं आणि छताकडे बघणं, आणि अ‍ॅपला छताकडे बघितलेलं कळत नाही. वाचताना टिपणं त्याच फाइलमध्ये घेत जावीत, प्रत्येक टप्प्याची एका ओळीची नोंद अ‍ॅपमध्ये टाकावी, आणि खासगी खिडक्या बंद ठेवाव्यात, कारण स्क्रीनशॉट क्लायंटला दिसतो. सरावलेल्या, वेगाने लिहिणाऱ्याला ठरलेली रक्कम जास्त देते. ज्यात व्याप्ती सारखी बदलते, बैठका असतात, अशा कामाला तासच बरे.

आणखी एक डोकेदुखी हल्लीची. लेख यंत्राने लिहिला असं एखादं तपासणी साधन सांगतं आणि क्लायंट पैसे अडवतो. ही साधनं माणसाच्या मजकुरालाही यंत्राचा ठरवतात, विशेषतः साचेबद्ध वाक्यरचनेच्या. वाद घालून उपयोग होत नाही, पुरावा लागतो. गूगल डॉक्समध्ये पहिल्या टिपणापासून लिहिलं तर आवृत्त्यांचा इतिहास आपोआप जमतो आणि तो दाखवता येतो. दुसरीकडे लिहून शेवटी एकदम चिकटवलं तर हा इतिहास रिकामा असतो.

गुणांकन: जे दिसत नाही ते जास्त मोजलं जातं

कंत्राट संपताना क्लायंट तारे देतो, ते सगळ्यांना दिसतात. त्याशिवाय तो एक खासगी अभिप्राय देतो, तो तुम्हाला दिसत नाही, आणि 'जॉब सक्सेस स्कोअर' त्यावरही ठरतो. पाच तारे मिळूनही स्कोअर घसरल्याच्या तक्रारींचं एक मोठं कारण हेच. 'टॉप रेटेड' बिल्ल्यासाठी हा स्कोअर ९० टक्के किंवा वर लागतो. सुरुवातीला कंत्राटं थोडी असतात, त्यामुळे एक नाराज क्लायंटही जोरात लागतो. यातून दोन गोष्टी निघतात. पाच-दहा डॉलरची चिल्लर कामं 'रिव्ह्यू मिळवायला' घेऊ नयेत: त्यात मिळकत नाही आणि अभिप्रायाचा धोका पूर्ण कामाएवढाच. दुसरं, लांब चालणारं कंत्राट स्कोअरलाही धार्जिणं असतं. पुन्हा फिरून मुद्दा तोच.

फायव्हरशी तुलना

फायव्हर प्रत्येक ऑर्डरवर विक्रेत्याकडून २० टक्के घेतं, आणि नव्या विक्रेत्याला ऑर्डर पूर्ण झाल्यावर १४ दिवस पैशांसाठी थांबावं लागतं. पण तिथे मुख्य रीत गिग, म्हणजे ठरावीक कामाची किमतीसह जाहिरात, मांडून बसण्याची; काम मागायला पैसे मोजावे लागत नाहीत. वरचंच उदाहरण लावलं तर ६० डॉलरचे ४८ हातात, साडेसहा तास, म्हणजे पहिल्याच ऑर्डरला ताशी ७ डॉलर ४० सेंटच्या जवळपास. अपवर्कच्या दुप्पट. दुसऱ्या ऑर्डरला मात्र ताशी १० डॉलर १० सेंट, अपवर्कपेक्षा कमी. अडचण अशी की फायव्हरवर नव्या गिगकडे कुणी फिरकेल याची खात्री नाही, आणि वाट बघण्याचा काळ या हिशेबात येत नाही. एकच ठरावीक वस्तू विकायची असेल, जसं की ५०० शब्दांचं उत्पादनवर्णन, तर फायव्हर बरं. बोलून, समजून, महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामाला अपवर्क. अपवर्कवरही गिगसारखं काम मांडून ठेवायची सोय आहे, पण नव्या लेखकाने तिच्या भरवशावर राहू नये.

काय टाळावं ते थोडक्यात. काम सुरू करण्याआधी अनामत, नोंदणी शुल्क किंवा 'सॉफ्टवेअरचे पैसे' मागणारा हा लुटारूच. पीडीएफ टाइप करून देण्यासाठी भरमसाट पैसे देऊ करणारा, तोही. कंत्राटाआधीच बोलणं टेलिग्रामवर नेऊ पाहणारा, तोही. फुकट चाचणी लेख मागणं अपवर्कच्या नियमांत बसत नाही. छोटा पण पैशांचा चाचणी लेख सुचवावा. आणि कमिशन वाचवायला बाहेर पैसे घेण्याचा प्रस्ताव आला तर नाही म्हणावं: साइटवर ओळख झालेल्या क्लायंटचे व्यवहार दोन वर्षं साइटवरूनच करायचे असतात, नाहीतर बाहेर पडण्याचं शुल्क भरावं लागतं. नियम मोडला तर खातं जातं, आणि बाहेरच्या पैशांना एस्क्रो नाही.

दर वाढवणं

तीन-चार लेख एका क्लायंटला पसंत पडले की वाढ मागावी, १५ ते २५ टक्के. चालू लेखाच्या मध्ये नव्हे, पुढच्या खेपेसाठी. 'पुढच्या महिन्यापासून एका लेखाचे ७५ डॉलर. त्यात मेटा वर्णन आणि जुन्या लेखांचे दुवे धरले आहेत' इतकं पुरतं. महागाई, घरखर्च ही कारणं क्लायंटच्या कामाची नाहीत. नवी रक्कम त्याच कंत्राटात नव्या माइलस्टोनवर लिहिता येते, आणि कमिशन कंत्राटापुरतं ठरलेलं असल्याने जुन्या कंत्राटाचा टक्का कमी असेल तर ते उगाच बंद करून नवं उघडू नये. क्लायंट नाही म्हणाला तर व्याप्ती कमी करून जुना दर ठेवता येतो: १,००० ऐवजी ८०० शब्द, दुरुस्तीची एकच फेरी. तेही नको असेल तर हातातला लेख पुरा करून, माइलस्टोन सुटल्यावर, सभ्यपणे कंत्राट बंद करावं. अर्धवट माइलस्टोन टाकून गेलात तर पैसे अडकतात आणि खासगी अभिप्रायाची वाट लागते.